वेगळं झाड शोधताय की वेगळं गिऱ्हाईक?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनींचं आहे. घरामागे सुमारे १०० चौरस मीटर मोकळी जागा आहे, पाण्याची सोय आहे, आठ वर्षांच्या छंदातून साठेक प्रकारची झाडं जमली आहेत. ओळखीचे लोक रोपं मागून नेतात आणि "विकायला काढा" म्हणतात. जवळ एक मोठी नर्सरी आहे. तिच्या दरापुढे आपला निभाव लागणार नाही, म्हणून कुणाकडेच नाहीत अशी दुर्मिळ, पांढऱ्या-गुलाबी छटांच्या पानांची झाडं ठेवायचा त्यांचा बेत आहे. पतींचं म्हणणं, भाजीपाल्याची रोपं करावीत, महिन्याभरात पैसा हातात येतो. तीन महिन्यांत नोकरी सोडून साठवलेल्या पैशांतून सुरुवात करायची आहे. त्या विचारतात: यातलं काय निवडू? आणि साठ प्रकार पुरतील, की आणखी वाढवू?

उत्तर:

तुमच्या लांबलचक पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटून दुसऱ्या ओळीत आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय: "समोरच्या उंच इमारतींतले लोक येतात, बाल्कनीत काही टिकत नाही म्हणतात, त्यांना मी बोगनवेल नाहीतर अडेनियम देते, ती जगतात." (अडेनियम म्हणजे फुगीर बुंध्याचं, कमी पाण्यावर जगणारं फुलझाड.) त्याकडे वळतेच, पण आधी दुर्मिळ झाडांचं बघू, कारण तुमचं मन तिथे अडकलंय.

दुर्मिळपणा ही झाडाच्या अंगची गोष्ट नसते, ती त्या वर्षीच्या पुरवठ्याची गोष्ट असते. २०२०-२१ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या मॉन्स्टेराची (मोठ्या, कापल्यासारख्या पानांच्या शोभेच्या झाडाची) एकेक फांदी लोक जपून, पानं मोजून विकत होते. मग प्रयोगशाळांत ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) अशी रोपं हजारोंनी तयार व्हायला लागली आणि भाव कोसळले. ज्यांनी चढ्या भावात मातृवृक्ष, म्हणजे कलमं काढण्यासाठीची मूळ झाडं, घेतली होती त्यांची कलमं विकण्याजोगी होईपर्यंत बाजार उतरलेला होता. शिवाय पांढरी छटा म्हणजे तिथे हरितद्रव्य नाही. म्हणून वाढ मंद, ऊन लागलं की पान करपतं, आणि पुष्कळ जातींत ती छटा पक्की नसतेच. एखादी फांदी सगळी हिरवी निघते, एखादी सगळी पांढरी निघते आणि उपाशी मरते. ‘पिंक काँगो’ नावाने विकल्या गेलेल्या फिलोडेंड्रॉन या शोभेच्या झाडाचा गुलाबी रंग तर रसायनाने आणलेला होता. नवी पानं हिरवीच येतात, आणि गिऱ्हाईक त्याचा जाब विकणाऱ्याला विचारतं. हौस म्हणून अशी पाच-दहा झाडं जरूर ठेवा. संसार त्यांच्यावर उभा करू नका.

तुमच्या पतींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. १०४ खणांच्या ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं २५ ते ३० दिवसांत तयार होतात, मिरचीला ३५ ते ४० लागतात. जागा थोडी, भांडवल थोडं. गोम अशी की तयार झालेलं रोप जेमतेम आठवडाभर चांगलं राहतं. त्यानंतर मुळं खणात गोल फिरतात, रोप उंच-किडमिडं होतं आणि लावल्यावर जीव धरत नाही. म्हणजे विक्री आठ दिवस लांबली तर अख्खा ट्रे खतात. त्यात ओलावा जास्त आणि हवा कोंडलेली असली की रोपांची मर येते: जमिनीलगत खोड मऊ पडून रोपं एका कडेने आडवी होत जातात, आणि एका रात्रीत अर्धा ट्रे जातो. ही रोपं आधी मागणी घेऊन, तारीख ठरवूनच करायची असतात. तुमची आजची ओळख भाजी लावणाऱ्यांशी नाही, बाल्कनीवाल्यांशी आहे.

आता जागेचा हिशोब. १०० चौरस मीटर ऐकायला भरपूर वाटतात. त्यातले ३५ तरी वाटा, कामाचं टेबल, माती-कुंड्यांचा साठा यात जातात. मातृवृक्षांना १०, कलमांना ५. विक्रीची झाडं वाढवायला उरले ५०. १५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर एका चौरस मीटरमध्ये ४४ बसतात, पण तशा ठेवल्या की खालची पानं पिवळी पडतात आणि बुरशी धरते. २० सेंटिमीटर अंतराने २५ बसतात, ३० सेंटिमीटरने ११. २५ च्या हिशोबाने ५० चौरस मीटरमध्ये एका वेळी साधारण १,२५० कुंड्या, त्याहून जास्त नाही. आणि पाईपने एका कुंडीला पाच सेकंद धरले तरी १,२५० कुंड्यांना पाणी द्यायला पावणेदोन तास लागतात. रोज.

नर्सरीत खरा खर्च मातीचा किंवा कुंडीचा नसतो, झाडाने अडवलेल्या जागेचा आणि आठवड्यांचा असतो. पोर्च्युलाकेरियाचं (छोट्या, जाडसर पानांचं) झाड १६ आठवड्यांत २० सेंटिमीटर अंतरावर तयार होतं असं धरू. १६ आठवडे भागिले चौरस मीटरमधल्या २५ कुंड्या, म्हणजे झाडामागे ०.६४ चौरस मीटर-आठवडे. मोठ्या पानांचं एखादं झाड ३० सेंटिमीटर अंतरावर ५२ आठवडे बसलं तर ५२ भागिले ११, म्हणजे ४.७. दुसऱ्याने सातपटींहून जास्त जागा खाल्ली. ते तिप्पट भावात विकलं गेलं आणि तुम्ही खूश झालात, तरी तो तोट्याचाच सौदा. वहीत प्रत्येक प्रकारापुढे हा आकडा लिहा. साठ प्रकारांपैकी किती ठेवायचे हा प्रश्न त्यातच सुटेल. माझा अंदाज, दहा-बारा उरतील. साठ प्रकार मोठ्या नर्सरीला शोभतात. लहान जागेत त्याचा अर्थ प्रत्येकी वीस झाडं, प्रत्येकाचं पाणी वेगळं, खत वेगळं, आणि कुणी एकसारखी तीस मागितली तर एकाही प्रकारात तीस नाहीत.

तर मग बाल्कनीकडे. खास बाजारपेठ शोधताना बहुतेक जण "कोणतं झाड?" असं विचारतात. "कुणाचं झाड मरतंय, आणि का?" असं विचारून बघा. वरच्या मजल्यांवर झाडं मरतात ती तीन-चार ठराविक कारणांनी. वारा पानांतलं पाणी मुळांच्या कुवतीपेक्षा भरभर ओढून नेतो. दुपारचं ऊन भिंतीवरून, फरशीवरून परतून दुप्पट लागतं. हलकी, उंच, निमुळती कुंडी कलंडते. आणि सगळ्यात मोठं कारण: झाड नर्सरीत ७५ टक्क्यांच्या शेडनेटखाली, दमट हवेत, भरपूर नत्र खाऊन वाढलेलं असतं. ते थेट नवव्या मजल्यावर नेलं की आठवड्यात पानं गाळतं. गिऱ्हाईकाला वाटतं आपल्या हाताला यश नाही.

मोठ्या नर्सरीला हे दुखणं सोडवणं परवडत नाही, कारण तिला सगळ्यांसाठी सगळं ठेवायचं असतं. तुम्हाला परवडतं. बोगनवेल तीही विकेल, पण वाऱ्याची सवय झालेली, रुंद बुडाच्या कुंडीतली, पहिल्या पंधरवड्याच्या सूचनांसकट मिळणारी बोगनवेल तिच्याकडे नसते.

ती तयार कशी करायची? सुरुवातीला पाचच प्रकार घ्या: बोगनवेल, अडेनियम, युफोर्बिया मिली (काटेरी खोडाचं, चिकाचं फुलझाड), पोर्च्युलाकेरिया आणि फुलांसाठी सदाफुली. पाचही ऊन-वारा सोसणारी. अडेनियम बियांपासून विकण्याजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणून पहिल्या खेपेला वर्षाची रोपं विकत घ्या. सदाफुली बियांपासून: बी अंधारात चांगलं रुजतं, म्हणून ट्रे झाकून ठेवा, १० ते १५ दिवसांत उगवण दिसते. नंतर पाणी पानांवरून मारू नका, बुंध्याशी द्या, नाहीतर खोड कुजतं.

बाकीची तीन छाट कलमांनी. बोगनवेलीची पेन्सिलच्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटर लांबीची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली, वरचा तिरका. खालची पानं काढा, रूटिंग हार्मोनच्या (मुळं फुटायला मदत करणाऱ्या) पावडरीत टोक बुडवून झटका, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व जाडी वाळू निम्मी-निम्मी घेऊन त्यात खोचा. मुळांना सहा ते दहा आठवडे लागतात. इथे घाई नडते. वरून पालवी फुटली की लोक काडी उपसून बघतात किंवा कुंडीत हलवतात. पालवी काडीतल्या साठ्यावर फुटलेली असते, खाली मुळांचा पत्ता नसतो. बोगनवेलीची कोवळी मुळं इतकी ठिसूळ असतात की माती सुटली तर सगळी तुटतात. म्हणून प्रत्येक काडी स्वतंत्र छोट्या पिशवीत लावा आणि हलवताना पिशवी कापून गोळा तसाच उतरवा. युफोर्बिया आणि पोर्च्युलाकेरियाच्या काड्या मात्र कापल्या कापल्या लावायच्या नाहीत. युफोर्बियाचा चीक धुऊन टाका आणि छेद सुकेपर्यंत तीन ते सात दिवस सावलीत पडू द्या. तो चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास देतो, हातमोजे घाला. अडेनियमचा चीक विषारी असतो, सदाफुलीही पोटात जाऊ द्यायची नाही. घरात रांगतं मूल किंवा पाळीव प्राणी आहे का, हे विकताना विचारायला विसरू नका.

कलमांचा आकडा उलट बाजूने काढा. शंभर काड्यांतल्या ७० ना मुळं फुटली आणि त्यातल्या ८५ टक्के विकण्याजोग्या झाल्या, तर हाती लागतात साधारण ६०. म्हणजे प्रत्येक प्रकाराची ४० झाडं हवी असतील तर ६७ काड्या लावायच्या. सोयीसाठी पाचही प्रकारांना हाच हिशोब लावला, तर २०० झाडांना सुरुवात ३३५ ची, कुंडीत जातील २३५. पहिल्या खेपेला यश याहून कमीच धरा.

दोन लिटरच्या २३५ कुंड्यांना ४७० लिटर मिश्रण लागतं. मिसळताना दहावा हिस्सा बसतो, म्हणून मोजून घ्यायचं ५२० लिटर. दोन भाग कोकोपीट, एक भाग पोयटा माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग गांडूळखत हे प्रमाण बोगनवेलीला मानवतं, अडेनियम, युफोर्बिया, पोर्च्युलाकेरिया या मांसल झाडांना वाळूचा भाग दुप्पट करून खत निम्मं करा. पाच किलोचा कोकोपीटचा ठोकळा भिजून ७० लिटरच्या आसपास फुगतो, तेव्हा तीन ठोकळे पुरतात. तो दोन-तीनदा धुऊन घ्या. न धुतलेल्या कोकोपीटमधले क्षार पानांची टोकं जाळतात आणि आपण विनाकारण कीटकनाशक शोधत बसतो. कुंडी उंचीपेक्षा रुंदीला जास्त हवी. वजनासाठी तळाशी खडीचा थर द्यायची पद्धत आहे, ती सोडा. खडीच्या वरच्या मातीत पाणी अडून राहतं, निचरा उलट बिघडतो. वजन जाड्या वाळूतून मिळू द्या किंवा बाहेरच्या जड कुंडीतून. सावकाश सुटणारं दाणेदार खत कुंडीला सहा ग्रॅम टाकलं की पाच-सहा महिने वेगळं द्यायला नको. पाणी जड असेल तर काही महिन्यांनी नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागतील. माती अल्कधर्मी होऊन लोह मिळेनासं झालंय, नत्र वाढवून ते भरून येत नाही.

शेवटचे तीन आठवडे हा तुमचा खरा माल. पहिल्या आठवड्यात झाडं ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली, दुसऱ्यात सकाळचं थेट ऊन, तिसऱ्यात उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला. पाणी वरची दोन सेंटिमीटर माती सुकल्यावरच. सतत हलत राहिलेलं झाड बुटकं आणि जाड खोडाचं होतं. हा वनस्पतींचा स्वभावच आहे आणि रोपवाटिकांत त्याचा मुद्दाम उपयोग करतात. वारा पडलेला असेल तर प्लास्टिकचा पाईप आडवा धरून सदाफुलीच्या शेंड्यांवरून दिवसातून दहा-वीस वेळा हलकेच फिरवा. बघणाऱ्याला खूळ वाटेल, वाटू द्या. या काळात बोगनवेल थोडी पानं गाळेल. ती तुमच्याकडे गाळलेली बरी.

आता नोकरीचं. बोगनवेलीचं गणित मांडा: मुळांना आठ आठवडे, कुंडीत वाढायला बारा, काटक व्हायला तीन. तेवीस आठवडे. तीन महिन्यांत नोकरी सोडलीत तर त्या दिवशी विकायला स्वतःचं एक झाडही तयार नसेल. मग पोटापाण्यासाठी तुम्ही बाहेरून झाडं आणून विकाल आणि मोठ्या नर्सरीशी तिच्याच खेळात भिडाल. म्हणून पहिलं वर्ष नोकरी सांभाळून काढा. प्रत्येक ऋतू एकदा अंगावरून जाऊ द्या. कडक उन्हाळ्यात किती जातात आणि ओलीत किती कुजतात, हे कुठलाही सल्ला सांगू शकत नाही.

काड्या रुजतायत तोवर वीस बाल्कनीवाल्यांशी बोला. "अशी झाडं मिळाली तर घ्याल का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "शेवटचं कुठलं झाड मेलं? कुठे ठेवलं होतं? त्यानंतर काय आणलं?" एवढंच विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. बाल्कनी कुठल्या दिशेची, कितवा मजला, आठवडाभर गावाला गेल्यावर पाणी कोण घालतं, हेही टिपा. वीसपैकी बारा किंवा जास्त जणांनी वाऱ्याचं नाव काढलंच नाही, तर तुमचा आणि माझा अंदाज चुकला, प्रकार बदला. २०० झाडं तयार झाल्यावर सहा आठवड्यांत, भाव न पाडता १२० गेली आणि निदान तिसरा हिस्सा गिऱ्हाईकं पुन्हा आली किंवा कुणाला घेऊन आली, तर आकडा ५०० वर न्या. साठच गेली तर कारण शोधा, आकडा वाढवू नका.

भाव ठरवताना विकल्या गेलेल्या झाडांवर मेलेल्या झाडांचाही खर्च चढवा. तुमचे तास त्यात मांडा, फुकट धरू नका. सगळा खर्च किरकोळ भावाच्या निम्म्यात बसला पाहिजे. नाहीतर उद्या बागरचनाकाराने एकदम पन्नास मागितली तर घाऊक भावात तुम्हाला काहीच सुटणार नाही. त्याला पन्नासही एका उंचीची लागतात, आणि पैसे बऱ्याचदा उशिरा येतात. पहिल्या वर्षी ते गिऱ्हाईक लांबच ठेवा.

ज्या वाचकांसमोर उंच इमारती नाहीत त्यांनी आपल्या भागातलं दुखणं शोधावं. कुणाच्या घरात उजेड नाही, कुणाला कुंपणाला एकसारखी दोनशे झाडं हवीत, कुणी महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असतं. फुलपाखरांची खाद्यझाडं हाही चांगला धंदा आहे. रुईवर प्लेन टायगर हे फुलपाखरू अंडी घालतं, लिंबाच्या जातींवर लाइम बटरफ्लाय. पण ती झाडं वाढवताना अंगात भिनणारं कीटकनाशक एकदाही चालत नाही, अळ्या मरतात. आणि गिऱ्हाईकाला आधीच सांगावं लागतं की पानं कुरतडलेली दिसली तर झाड वाया गेलेलं नाही, कामाला लागलंय. जंगलातून झाडं उपटून आणू नयेत, बी किंवा काडी परवानगीने घ्यावी. जलपर्णीसारखी मोकाट पसरणारी झाडं कितीही मागणी असली तरी विकू नयेत.

दोन गोष्टी कागदोपत्री बघून घ्या. रोपं विकायला आपल्या भागात परवाना किंवा नोंदणी लागते का, हे कृषी विभागाच्या कार्यालयात विचारा. दुसरं, काही नव्या जातींवर पैदासकाराचा हक्क असतो, आणि तो आपल्याकडे पंधरा, झाडं-वेलींसाठी अठरा वर्षांपर्यंत टिकू शकतो. अशा जातीची कलमं करून विकायला त्याची परवानगी लागते. लेबलवर तशी खूण दिसली तर काडी घेऊ नका.

आणि बाहेरून आणलेलं प्रत्येक झाड, ते अडेनियमसुद्धा, तीन आठवडे वेगळ्या कोपऱ्यात राहू द्या. पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत दिसतो, पण मुळांवरचा दिसत नाही. एकदा कुंडी उपडी करून गोळ्याच्या कडेला पांढरा कापूस आहे का बघा. मातृवृक्षांना तो लागला तर पुढच्या सगळ्या काड्यांबरोबर घरोघर जाईल.

लेबलं पेन्सिलने लिहा. मार्करची शाई उन्हात काही महिन्यांत उडते, प्लास्टिकच्या पट्टीवरची पेन्सिल टिकते. एका बाजूला नाव आणि काडी लावल्याची तारीख, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईकासाठी: किती तास ऊन, माती किती सुकल्यावर पाणी, चीक विषारी आहे का.